आंबा शेतीत, नारळ बाहेर: रत्नागिरी जिल्ह्यातली गावे आणि जनगणनेची शहरे

१६ जून २०२५ रोजी केंद्र सरकारने नव्या जनगणनेची अधिसूचना काढली. देशाच्या बहुतेक भागासाठी मोजणीचा संदर्भक्षण, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरायची तो क्षण, आहे १ मार्च २०२७, रात्री बारा वाजता. तेव्हापासून वर्तमानपत्रांत चर्चा चालली आहे ती जातींच्या नोंदीची आणि मतदारसंघांच्या फेररचनेची. दोन्ही विषय मोठे आहेत. पण मी ज्याची वाट पाहतो आहे त्या दस्तऐवजाचे नाव कुठल्याही बातमीत येत नाही. ती आहे जिल्हा जनगणना पुस्तिका.

१९५१ च्या जनगणनेपासून प्रत्येक जिल्ह्यासाठी अशी पुस्तिका निघते. तिच्या एका भागात जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाची आणि शहराची लोकसंख्या, घरे, साक्षर, काम करणारे आणि न करणारे असे आकडे असतात. दुसऱ्या भागात सुविधा: शाळा, दवाखाना, पिण्याचे पाणी, टपाल, एसटी, बँक, वीज, शिवाय जमिनीचा वापर. वस्ती दहा माणसांची असो वा दहा हजारांची, प्रत्येक गावाला एक ओळ मिळते. आपल्या गावाची ओळ शोधून वाचणे हा फार चांगला अभ्यास आहे. मात्र तो आकडा कोणत्या व्याख्येतून आला हे ठाऊक नसेल तर वाचणारा हमखास चुकतो. रत्नागिरी जिल्हा घेऊन हे सांगतो, कारण व्याख्येचे सगळे ताण तिथे उघडे दिसतात.

सुरुवात एका लोकप्रिय गैरसमजापासून. २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर १,००० पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. महाराष्ट्राची सरासरी होती ९२९. या आकड्यावरून कोणी म्हणते कोकणच्या पाण्याचा गुण, कोणी म्हणते देवीचा कौल, तिथे मुलीच जास्त जन्मतात. आता त्याच पुस्तिकेतला शून्य ते सहा वयोगटाचा स्तंभ पाहा. तिथे दर १,००० मुलांमागे ९३६ मुली आहेत. निसर्गतः जन्माच्या वेळी १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे असतात, म्हणजे १,००० मुलांमागे सुमारे ९५० मुली. रत्नागिरीचा आकडा त्याहून थोडा कमीच आहे. मूल मुलगा होणार की मुलगी हे वडिलांकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. ते पाण्याने बदलत नाही, नवसानेही बदलत नाही, आणि असे सांगून औषधे विकणाऱ्यांना गावात थारा देऊ नये.

मग १,१२२ कुठून आले? मुंबईहून. खरे तर मुंबईला गेलेल्या पुरुषांमुळे. आपल्याकडे माणूस नेहमी जिथे राहतो तिथे मोजला जातो. २०११ मध्ये मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. लालबागेत किंवा विरारला खोली घेऊन राहणारा चाकरमानी तिथेच मोजला गेला. गावचे घर, रेशनकार्ड आणि पालखीचा मान त्याला गावच्या ओळीत आणू शकत नाही. त्या वर्षी शिमगाही मार्चच्या उत्तरार्धात, मोजणी संपल्यावर आला. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती, ती २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. राज्याची लोकसंख्या त्या दशकात जवळपास १६ टक्क्यांनी वाढत असताना रत्नागिरीची सुमारे पाच टक्क्यांनी घटली. शेजारच्या सिंधुदुर्गातही घटच झाली.

आता गाव. पुस्तिकेतले गाव म्हणजे महसुली गाव: ज्याची हद्द ठरलेली आहे, ज्याचा तलाठ्याकडे नकाशा आहे आणि ज्याला जनगणनेचा सहा अंकी क्रमांक आहे. तिथे माणसे असायलाच हवीत असे नाही. देशभरात २०११ मध्ये सुमारे ६ लाख ४० हजार गावे नोंदली गेली, त्यांतली ४० हजारांहून जास्त निर्जन होती. विदर्भात अशा गावाला रिठ म्हणतात. अमुक रिठावर कुणाचा तरी शाप आहे अशा गोष्टी सांगितल्या जातात. धरणाखाली जाणे, साथ, पाणी आटणे, रोजगारासाठी सगळ्यांनी उठून जाणे ही कारणे पुरेशी असताना शाप कशाला हवा? गाव उठले तरी सातबारा उरतो आणि म्हणून यादीतली ओळही उरते.

रत्नागिरी जिल्ह्यात दीड हजारांच्या आसपास गावे आहेत आणि सरासरी गाव हजाराच्या आतले आहे. पण कोकणात माणूस राहतो तो वाडीत. एका महसुली गावात बौद्धवाडी, गुरववाडी, भंडारवाडा, मोहल्ला, वरचीवाडी, खालचीवाडी अशा वस्त्या डोंगरउतारावर विखुरलेल्या असतात, मध्ये व्हाळ (ओढे), काजूची रानं आणि जांभ्याचा सडा, म्हणजे उघडे कातळी पठार. पुस्तिकेला वाडी दिसत नाही. ही उणीव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग: गाव शहर कसे होते?

शहरे दोन प्रकारची. एक, कायद्याने झालेली: महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत किंवा कटकमंडळ (लष्करी छावणीचे प्रशासन) असलेली. रत्नागिरी, चिपळूण, खेड, राजापूर ही त्यांतली. सरकारने अधिसूचना काढली की झाले शहर, मग लोकसंख्या पाच हजारांखाली असली तरी चालते. दुसरा प्रकार जनगणना शहरांचा. तिथे ग्रामपंचायतच असते, सरपंचच असतो, पण आकड्यांच्या तीन चाचण्या पार केल्यामुळे जनगणना त्या गावाला शहरी स्तंभात टाकते. २००१ मध्ये देशात अशी १,३६२ शहरे होती, २०११ मध्ये सुमारे ३,९००. त्या दशकातल्या 'वाढत्या शहरीकरणा'चा मोठा हिस्सा या फेरवर्गीकरणातून आला आहे. माणसे जागची हलली नाहीत, त्यांच्या गावाचा स्तंभ बदलला.

तीन चाचण्या अशा: लोकसंख्या किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर. हा ४०० चा आकडा म्हणजे १९६१ मधली दर चौरस मैलाला १,००० माणसांची अट, किलोमीटरमध्ये आणून गोल केलेली. तिन्ही एकदम पार व्हाव्या लागतात.

पहिल्या चाचणीतच गावाची हद्द किती मोठी आखली आहे यावर बरेच ठरते. केरळात २०११ मध्ये फक्त हजारभर गावे होती, आणि राज्याची लोकसंख्या सव्वातीन कोटींच्या पुढे. तिथले एकेक गाव आपल्या कित्येक गावांएवढे, त्यामुळे ५,००० ची चाचणी जवळजवळ प्रत्येक गाव न लढता जिंकते. केरळातली जनगणना शहरे दहा वर्षांत ९९ वरून ४६१ झाली आणि राज्य २६ टक्क्यांवरून जवळपास ४८ टक्के शहरी झाले. रत्नागिरी जिल्हा २०११ मध्ये सुमारे १६ टक्के शहरी होता. घराला घर लागून नसणे, परसात माड, गावोगाव शिकलेली माणसे, बाहेरून येणारा पैसा, यात कोकण आणि केरळ पुष्कळ जवळ आहेत. पण कोकणात हद्दी लहान आखलेल्या आहेत, म्हणून आकडा एवढा वेगळा.

घनतेच्या चाचणीत माणसांना गावाच्या सगळ्या क्षेत्रफळाने भागतात. किनाऱ्यावरच्या मच्छीमार गावात कौलाला कौल लागून घरे असतात, पण त्याच गावाच्या हद्दीत मागचा चार-पाच चौरस किलोमीटरचा सडाही येतो, जिथे पावसाळ्यात फुले आणि उन्हाळ्यात कातळ याशिवाय काही नाही. भाजकात तो सडा आला की घनता खाली.

आणि तिसरी चाचणी. इथे शेती म्हणजे काय हा प्रश्न येतो. जनगणनेत काम करणाऱ्यांचे चार गट आहेत: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातले आणि इतर. पहिले दोन शेतीतले, उरलेले दोन शेतीबाहेरचे. शेतकरी या गटाच्या व्याख्येत भात, नाचणी, कडधान्ये, भाजीपाला आणि फळबागा येतात. पण चहा, कॉफी, रबर, नारळ आणि सुपारी या पाच पिकांना ती व्याख्या नावानिशी वगळते. ती मळ्याची पिके, ती करणारा 'इतर' गटात. मच्छीमारही 'इतर' गटात. म्हणजे हापूसची बाग राखणारा बागायतदार शेतकरी, आणि पलीकडे नारळी-पोफळीची बाग शिंपणारा त्याचा भाऊ जनगणनेच्या दृष्टीने शेतीबाहेरचा. दोन्ही असतील तर ज्या कामात जास्त वेळ जातो त्यावर गट ठरतो.

हे किती बारीक आहे ते एका काल्पनिक गावावर करून पाहू. वहीत आकडे मांडत वाचलेत तर सोपे जाईल. लोकसंख्या ५,२००. क्षेत्र ९ चौरस किलोमीटर, म्हणून घनता ५७८. दोन चाचण्या पार. मुख्य काम करणारे, म्हणजे वर्षात सहा महिने किंवा जास्त काम असलेले, पुरुष १,२००. त्यांतले शेतकरी आणि शेतमजूर मिळून २६०, उरलेले मासेमारी, दुकान, रिक्षा, शाळा, आणि ६० जण नारळ-सुपारीतले. शेतीबाहेरचे ९४०, म्हणजे ७८.३ टक्के. गाव शहर झाले.

आता त्या ६० जणांच्या जमिनीत माडांऐवजी आंब्याची कलमे आहेत असे धरा. बाकी काही बदलू नका. शेतीतले ३२०, शेतीबाहेरचे ८८०, म्हणजे ७३.३ टक्के. गाव शहर नाही.

पुढची पायरी. आंबेवाल्या गावातून शेती करणारे १०० पुरुष शेती सोडून मुंबईला गेले. लोकसंख्या ५,१००, घनता ५६७, दोन्ही चाचण्या अजून पार. मुख्य काम करणारे पुरुष उरले १,१००, शेतीतले २२०, शेतीबाहेरचे तेच ८८०. टक्केवारी बरोबर ८०. गाव पुन्हा शहर! एकही नवे दुकान निघाले नाही, कारखाना आला नाही, उलट १०० माणसे कमी झाली, आणि अपूर्णांकाचा छेद लहान झाल्याने गाव 'शहरीकरण' झालेल्या यादीत गेले. आणखी दोनशे गेले तर ५,००० च्या खाली येऊन परत गाव. स्थलांतर मोठे असलेल्या जिल्ह्यात हे गणित डोळ्यांआड करून शहरीकरणाची टक्केवारी विकासाचे माप म्हणून सांगणे मला अजिबात मान्य नाही.

या सगळ्यात बायका कुठे आहेत? कुठेच नाहीत. चाचणी फक्त पुरुषांच्या कामाची आहे. ज्या जिल्ह्यात पुरुष बाहेर आणि तरवा (भाताची रोपे) काढणे, लावणी, कापणी, झोडणी बायकांच्या हाती, तिथे शेती कोण करतो हा प्रश्न बायकांना वगळून विचारायचा आणि उत्तरावरून गावाला शहर म्हणायचे, यातला दोष उघड आहे.

सुविधांच्या भागाकडे वळू. २०११ च्या पुस्तिकेत गावात सुविधा असेल तर तिची संख्या, नसेल तर जवळच्या सुविधेचे अंतर तीन गटांत दिले आहे: ५ किलोमीटरच्या आत, ५ ते १०, आणि १० च्या पुढे. वाडी इथे लागते. शाळा खालच्यावाडीत असेल तर गावाच्या ओळीत 'एक शाळा' येते. वरच्यावाडीतली मुले चढउतार करून, पावसाळ्यात व्हाळावरच्या साकवावरून (छोट्या पुलावरून) शाळेला जातात. त्यांचे अंतर ओळीत कुठेच नाही, कारण गावात शाळा 'आहे'. शेजारच्या लहान गावात शाळा नसेल तर त्याच्या ओळीत निदान अंतराचा गट येतो, भले त्या मुलांना वरच्यावाडीपेक्षा कमी चालावे लागत असेल. म्हणजे सुविधा मिळण्याचा आकडाही पुन्हा हद्दीच्या आखणीवर अवलंबून.

शिवाय किलोमीटर वाटेबद्दल काही सांगत नाही. वाशिष्ठीच्या खाडीवर दाभोळ आणि धोपावे समोरासमोर आहेत, फेरीबोटीने काही मिनिटांचे अंतर. रस्त्याने जायचे तर खाडीला मोठा वळसा. जयगड आणि तवसाळचेही तसेच. रात्री प्रसूतीच्या बाईला दवाखान्यात न्यायचे असेल तेव्हा बोट चालू आहे का, हा खरा अंतराचा प्रश्न असतो.

नव्या जनगणनेत नोंदी मोबाइल ॲपवर घेतल्या जाणार आहेत. ॲप आले की आकडे आपोआप खरे होतील असा एक सूर ऐकू येतो. तो फुगवलेला आहे, कारण व्याख्या ॲपमध्येही त्याच असणार. पण घरांची जागा नकाशावर टिपली गेली, तर वाडीनिहाय बेरीज करणे तांत्रिकदृष्ट्या अगदी सोपे आहे, आणि व्यक्तीची ओळख न उघडता ती प्रसिद्धही करता येईल. जिल्हा परिषदेला शाळा कुठे चालू ठेवायची, साकव कुठे बांधायचा हे ठरवताना गावाच्या सरासरीपेक्षा वाडीचा आकडा कितीतरी उपयोगी.

एक गोष्ट मात्र प्रगणक दारात उभा असताना आपल्याच हातात असते. घरच्या शेतात बिनपगारी केलेले काम आणि केवळ घरच्यापुरते पिकवलेले भात २०११ च्या व्याख्येत काम म्हणून धरलेले होते. सहा महिन्यांपेक्षा कमी असेल तर सीमांतिक, पण कामच. 'ही काय करते?' या प्रश्नाला घरातून 'काही नाही, घरीच असते' असे उत्तर दिले जाते आणि तसेच लिहिले जाते. त्याऐवजी तिला स्वतः बोलू द्यावे आणि लावणी-कापणीचे महिने मोजून सांगावेत.