खुलासा: ‘नेक्रोनॉमिकॉन’ हा प्राचीन ग्रंथ नाही

‘एका वेड्या अरबाने आठव्या शतकात लिहिलेला मंत्रग्रंथ’ म्हणून नेक्रोनॉमिकॉनचं नाव वर्षानुवर्षं फिरतंय. असा ग्रंथ कधीच नव्हता. एच. पी. लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथाकाराने तो आपल्या कथांसाठी रचला. १९२४ साली छापून आलेल्या कथेत त्याचा पहिला उल्लेख आहे. पत्रांतून विचारणाऱ्यांना तो स्वतःच सांगायचा, की हे सगळं माझ्या कल्पनेतलं आहे. ग्रंथाचा लेखक म्हणून सांगितल्या जाणाऱ्या त्या ‘वेड्या अरबा’चं नाव नीट पाहा: अब्दुल अल्हझरेद. ‘अब्दुल’मध्ये अरबी ‘अल’ आधीच आहे, पुढे पुन्हा ‘अल’. अरबी भाषकाचं नाव असं नसतं.

मग दुकानात ‘नेक्रोनॉमिकॉन’ म्हणून मिळतं ते काय? १९७७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘सायमन’ या टोपणनावाने आलेलं पुस्तक. गोंधळ वाढला तो इथे, कारण त्यातली मर्दुक या बॅबिलोनी देवाची पन्नास नावं खरोखरच ‘एनुमा एलिश’ या बॅबिलोनी सृष्टिकाव्यातून आली आहेत. अस्सल पुराणाला कादंबरीची जोड दिली, की सगळंच जुनं वाटू लागतं.

केऑस मॅजिक या आधुनिक जादूपंथाचे साधक मात्र लव्हक्राफ्टच्या देवता काल्पनिक आहेत हे माहीत असूनही विधींत वापरतात. तो त्यांचा प्रामाणिक मार्ग आहे, आणि मला त्याचा आदर वाटतो. माझी हरकत आहे ती खोट्या प्राचीनतेला.