मॅशअप

दोन किंवा अधिक तयार ध्वनिमुद्रणे एकत्र बसवून घडवलेले गाणे म्हणजे मॅशअप. सर्वांत रूढ प्रकारात एका गाण्याचा फक्त गळा, म्हणजे अकापेला, दुसऱ्याच्या वाद्यसंगतीवर चढवतात. रीमिक्समध्ये एकाच गाण्याची मांडणी बदलते. मॅशअपमध्ये मात्र दोन्ही गाणी ओळखू यावी लागतात. ती ओळख पुसली की मजा संपते.

१९९४ मध्ये इव्होल्यूशन कंट्रोल कमिटी या अमेरिकन गटाने पब्लिक एनिमीचे रॅप हर्ब अल्पर्टच्या संगीतावर बसवले होते. लाट आली ती २००१ नंतर, घरच्या संगणकावर लय जुळवणारी सॉफ्टवेअर आणि एमपीथ्रीची देवाणघेवाण रुळल्यावर. त्या वर्षी फ्रीलान्स हेलरेझर या ब्रिटिश डीजेने क्रिस्टिना अगिलेराचा गळा द स्ट्रोक्सच्या गिटारींवर चढवला. २००४ मध्ये डेंजर माउसने 'द ग्रे अल्बम'मध्ये जे-झीचे रॅप आणि बीटल्सची वाद्ये एकत्र आणली. बीटल्सच्या मुद्रणांचे हक्क असलेल्या ईएमआय कंपनीने वितरण थांबवण्याची नोटीस दिल्यावर, २४ फेब्रुवारीला शंभराहून अधिक संकेतस्थळांनी निषेध म्हणून तो अल्बम मोफत उपलब्ध केला. परवान्याअभावी दुकानात विकता न येणारे हे संगीत इंटरनेटवरच वाढले. पुढे यूट्यूबवर डीजे इअरवर्मने वर्षभरातली २५ गाजलेली गाणी एकाच गाण्यात गुंफण्याची प्रथा रुजवली.

जोडी निवडताना आधी पट्टी पाहावी. गळा एक-दोन अर्धस्वर सरकवला तर चालतो. त्यापुढे आवाज बालिश किंवा घोगरा होऊ लागतो. सी मेजर आणि ए मायनर यांचे सातही स्वर सारखे असल्याने अशा जोड्या सहज जमतात. तरीही पट्टी जुळली म्हणजे काम झाले असे नाही: लांबवलेला स्वर खालच्या कॉर्डमधल्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहातल्या) स्वरापासून अर्धस्वरावर पडला की कानाला टोचतो. रॅपला ही अडचण फारशी नसते, म्हणून सुरुवातीच्या मॅशअपमध्ये ते इतके दिसते.

लयीत १०० बीपीएमचा (मिनिटाला १०० ठोक्यांचा) गळा १०६ वर नेणे सोपे. नुसता वेग ६ टक्के वाढवला तर सूर सुमारे एक अर्धस्वर चढतो; टाइम-स्ट्रेचिंगने तो जागेवर राहतो, पण जास्त ताणल्यास व्यंजने फिसकटतात. ७० आणि १४० बीपीएमची गाणी दुपटीने बसतात. क्लिकशिवाय, म्हणजे कानात ठराविक ठोके न घेता, वाजवलेल्या जुन्या मुद्रणांत लय हलते, तिथे दर काही मापांनी (ठोक्यांच्या आवर्तनांनी) हाताने खूण करावी लागते.

सर्वाधिक फसगत होते ती समेवर. पॉप गाणी बहुधा ८ किंवा १६ मापांच्या खंडांत चालतात, पण ओळीचा पहिला शब्द अनेकदा समेच्या आधीच उचललेला असतो. फाइलची सुरुवातच समेवर ठेवली, तर सगळी ओळ उशिरा पडते. म्हणून जोराचा शब्द समेवर ठेवावा.

पूर्वी अकापेला सिंगलच्या तबकडीवरून मिळवावा लागे, किंवा मूळ गाण्यातून त्याचीच वाद्यसंगत उलट्या फेजने, म्हणजे ध्वनिलहर उलटी करून, वजा करून. दोन्ही फाइली नमुन्यागणिक, म्हणजे ध्वनीच्या अगदी लहान अंकीय तुकड्यापर्यंत, जुळल्या नाहीत तर वाद्ये मागे उरत. २०१९ मध्ये डीझर या संगीतसेवेने स्प्लीटर हे गळा आणि वाद्ये वेगळी करणारे सॉफ्टवेअर खुले केले आणि कोणत्याही गाण्याचा गळा वेगळा काढणे सोपे झाले. अशा गळ्यात हाय-हॅटचे (ड्रमसोबतच्या झांजांचे) ठोके 'स', 'श'मध्ये मिसळून राहतात. गळ्यातला १०० हर्ट्झखालचा भाग कापावा आणि संगतीत १ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा थोडा उतरवावा. शब्द लगेच मोकळे होतात.

यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा मूळ मुद्रण ओळखते. मग हक्कधारकाच्या पसंतीनुसार व्हिडिओ अडवला जातो किंवा जाहिरातीचे उत्पन्न त्याच्याकडे वळते.