रपटा बुडाला की कळतं, कोण कुणाचं

पावसाळ्यात नाल्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, पाण्याखाली गेला की आमच्याकडे दोन दिवस गावांची खरी वाटणी दिसते. अलीकडच्या सात-आठ गावांत दळण, किराणा, सोयरिकीची बोलणी सगळं चालू राहतं, पलीकडेही तसंच. बंद पडते ती दोन झुबक्यांमधली ये-जा. एकमेकांशी जोडलेल्या माणसांच्या किंवा वेबपानांच्या जाळ्यातले गट ओळखायची एक गाजलेली रीतही असा रपटा हुडकते आणि मुद्दाम बुडवते. पण तिथवर पोचायला बरीच वर्षं गेली.

सुरुवात तारांपासून झाली. १९७० मध्ये ब्रायन कर्निहन आणि शेन लिन यांनी सर्किटचे भाग वेगवेगळ्या पट्ट्यांवर (बोर्डांवर) असे वाटायची रीत काढली, की पट्ट्यांमधल्या तारा कमीत कमी लागाव्यात. त्यात गट केवढे हे आधीच सांगावं लागे. माणसांच्या बाबतीत ते कोण सांगणार?

माणसांचा दाखला १९७७ मध्ये वेन झॅकरी यांनी दिला. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचा कराटे क्लब, सभासद ३४. फीवरून शिक्षक आणि क्लबचा पदाधिकारी यांचं बिनसलं आणि क्लब फुटला. आपल्याकडे वर्गणीवरून गणपती मंडळ फुटतं तसाच. क्लबबाहेर कुणाची कुणाशी ऊठबस आहे, एवढ्यावरून कोण कुठे गेला असणार हे झॅकरींनी काढलं. चुकला एकच. तो, कल पदाधिकाऱ्याकडे असूनही, शिक्षकामागे गेला, कारण त्याची ब्लॅक बेल्टची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. असा माणूस आमच्या प्रत्येक मंडळात असतो.

पुढे टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली. वेबवरचा दुवा, म्हणजे लिंक, एकतर्फी असतो. सोयरिकीला दोन्ही घरांची हो लागते, दुव्याला एकाचीच पुरते. त्यामुळे नुसत्या थेट दुव्यांवरून गट काढणं फसवं ठरतं. तालुक्याच्या ठिकाणची दोन कृषी केंद्रं घ्या. एकमेकांकडे गिऱ्हाईक कधीच पाठवणार नाहीत, पण बियाणं-खत घ्यायला त्याच गावांतले शेतकरी दोन्हीकडे चकरा मारतात. ती केंद्रं एका जातीची आहेत हे त्या चकरांवरून कळतं. १९९८ च्या सुमारास जॉन क्लाइनबर्ग यांनी हे ओळखलं: चांगली यादी, म्हणजे दुवे गोळा केलेलं पान, चांगल्या पानांकडे बोट दाखवते, आणि पान चांगलं आहे हे अशा याद्यांवरूनच ठरतं. १९९९ मध्ये रवी कुमार, प्रभाकर राघवन, श्रीधर राजगोपालन आणि अँड्र्यू टॉमकिन्स यांनी त्याच धाग्याने वेबवरचे एक लाखाहून जास्त छोटे गट वेचून काढले. त्यातल्या बऱ्याच गटांना तोवर नावसुद्धा नव्हतं.

रपट्याची रीत आली २००२ मध्ये, मिशेल गिर्व्हन आणि मार्क न्यूमन यांची. प्रत्येक दोन ठिकाणांमधली सगळ्यात जवळची वाट काढायची, ज्या दुव्यावरून अशा वाटा सर्वांत जास्त जातात तो तोडायचा आणि पुन्हा मोजायचं. हे पुन्हा मोजणंच कळीचं, कारण एक रपटा बुडाला की वाहतूक दुसरीकडून वळते. पण थांबायचं कुठे? म्हणून २००४ मध्ये त्यांनी मॉड्युलॅरिटी हे माप दिलं: गटाच्या आतले दुवे योगायोगाने पडले असते त्यापेक्षा किती जास्त आहेत.

मोजून मोजून ही रीत फार रेंगाळे. २००८ मध्ये बेल्जियमच्या लूव्हँमधल्या संशोधकांनी मॉड्युलॅरिटीच पायरी-पायरीने वाढवत ११.८ कोटी पानांचं जाळं १५२ मिनिटांत गटांत लावलं. तीच पद्धत बेल्जियमच्या फोन-कॉलच्या जाळ्यावर चालवली तेव्हा फ्रेंच आणि डच बोलणारे आपसूक वेगळे पडले.

खोट मात्र आधीच, २००७ मध्ये, सांतो फॉर्तुनातो आणि मार्क बार्तेलेमी यांनी दाखवली होती. जाळं मोठं झालं की हे माप लहान, घट्ट गटांना शेजारच्या गटात ढकलतं. आमच्याकडे गट ग्रामपंचायतीत कोलाम आदिवासींच्या पोडाचं, म्हणजे छोट्या वस्तीचं, होतं तेच.

दुसरी खोट २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी पकडली. लूव्हँच्या पद्धतीत एकाच गटात टाकलेल्या काही पानांमध्ये आतून वाटच नाही असंही घडायचं. म्हणजे दोन गावं एका पंचायतीत, पण एकाकडून दुसऱ्याकडे जायचं तर तिसऱ्याच्या हद्दीतून. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक गट आतून जोडलेला असण्याची हमी आहे. मात्र माप मॉड्युलॅरिटीचंच ठेवलं, तर पोड अजूनही मोठ्या गावाच्या नावावरच लागतं.