पार्श्वभूमी : बेअरिंगमधून वीज घेणारी छोटी रेल्वे

नागपूरच्या मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात ७६२ मिलिमीटर गेजची गाडी पाहून एखादा छंदिष्ट ती १:८७ प्रमाणात बनवायला बसला, तर रुळांमधले अंतर पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास येते आणि बाजारातला ९ मिलिमीटरचा रूळ चालून जातो. विजेचा मामला मात्र इतका सरळ नाही. विजेवर चालणाऱ्या खऱ्या इंजिनात परतीचा प्रवाह बेअरिंगमधून (आस ज्यात टेकून फिरतो त्या आधारातून) जाऊन त्यात ठिणग्यांचे खड्डे पडू नयेत म्हणून आसावर, म्हणजे दोन चाके जोडणाऱ्या दांड्यावर, वीज वाहून नेणारे वेगळे ब्रश बसवतात. छोट्या गाडीत वीज वाहून नेण्याचे नेमके तेच काम अनेकदा बेअरिंगकडून करून घेतले जाते.

सुरुवातीच्या बहुतेक विजेच्या खेळण्यांत ही अडचण नव्हती. मधल्या तिसऱ्या रुळावरून वीज येई, बाहेरच्या दोन्ही रुळांतून परत जाई, त्यामुळे चाके, आस आणि सांगाडा सलग धातूचे असले तरी बिघडत नसे. डोळ्यांना खटकणाऱ्या त्या रुळाऐवजी खेळण्यातल्या रेल्वे बनवणाऱ्या मार्कलिन कंपनीने १९५० च्या दशकात स्लीपरांवर बारीक खिळे आणले. हॉर्नबी-डब्लो ही छोट्या रेल्वेची मालिका मात्र १९३८ पासून तीन रुळांवर चालून १९५९ मध्ये दोन रुळांकडे वळली. आता एक रूळ धन आणि दुसरा ऋण झाल्यामुळे एकाच आसावरची दोन चाके विजेपुरती तोडावी लागली.

चाकाच्या पाठीला टेकणारी फॉस्फर ब्राँझची पट्टी वीज नक्की आणते, पण ती ब्रेकसारखी घासते, आणि दिवे लावलेल्या हलक्या डब्यांच्या रांगेत ही ओढ इंजिनाला जाणवते. बेअरिंग तर तिथे असतेच. म्हणून आसाची सुईसारखी टोके पितळी कपात टेकवून तिथूनच वीज घ्यायची, असा तोडगा निघाला. आसावरचे एकच चाक विद्युतरोधक असेल, तर डब्याखालची एक बोगी (चाकांचा संच) डाव्या रुळाची वीज घेते आणि दुसरी उजव्या रुळाची. आसच मधोमध तोडून रोधक तुकड्याने जोडला, की त्याची दोन टोके दोन्ही रुळांना पुरतात.

यात बेअरिंगला घातलेले तेल हीच नाजूक बाब आहे. गेल्या उन्हाळ्यात माझ्या डब्यातला दिवा लुकलुकू लागला, तेव्हा आस उपसून टूथपिकने कप कोरला, तर तेलात मुरलेल्या नागपुरी धुळीचा काळा लगदा निघाला. साध्या दिव्याला असा खंड चालतो. १९९० च्या दशकात रुळलेल्या डिजिटल नियंत्रणातला डिकोडर (रुळांतून येणारे संदेश वाचून इंजिन चालवणारा छोटा सर्किट) मात्र क्षणभर वीज तुटली तरी अडखळतो. म्हणून पुढे क्षणभर वीज साठवून पुरवणारे कपॅसिटर आले, आणि इंजिनापुरती तरी घासणारी पट्टीच मला अधिक भरवशाची वाटते.