ऑब्जेक्टमधून वेळ गेला कुठे आणि परत आला कसा

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग, म्हणजे डेटा आणि त्यावरची कामं एकाच 'ऑब्जेक्ट'मध्ये बांधायची पद्धत, म्हटलं की बहुतेकांना स्क्रीनवरच्या विंडो, बटणं असलंच काहीतरी आठवतं, पण ही कल्पना मुळात वेळेच्या हिशोबातूनच निघालीय. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये डाल आणि न्यूगोर यांनी सिम्युला ६७ ही प्रोग्रामिंग भाषा बनवली ती सिम्युलेशनसाठी, म्हणजे खऱ्या व्यवस्थेची कम्प्युटरवर नक्कल चालवायला, तिच्यात प्रोसेस एक ऑब्जेक्ट असायची आणि 'होल्ड' म्हणून सिम्युलेशनच्या घड्याळात इतका वेळ थांबायची. पुढे स्मॉलटॉक, सी प्लस प्लस या भाषा आल्या, ऑब्जेक्ट सगळीकडे पसरले, आणि मेथड, म्हणजे ऑब्जेक्टचं एखादं काम, काय करते हे इंटरफेस (त्याची बाहेरून दिसणारी बाजू) सांगायला लागला पण कधीपर्यंत करते हे कुठेच लिहिलेलं नसायचं.

रिअल-टाइमवाल्यांचं, म्हणजे ज्यांच्या सिस्टिमचं काम ठरलेल्या वेळेतच व्हावं लागतं त्यांचं, तेव्हा वेगळंच चाललं होतं. १९७३ मध्ये लिऊ आणि लेलँडनी गणित मांडलं, की एकमेकांवर न अवलंबणारे पिरियॉडिक (ठरावीक वेळाने पुन्हापुन्हा चालणारे) टास्क असतील आणि ज्याचा पिरियड लहान त्याला प्रायॉरिटी जास्त दिली तर प्रोसेसरवरच्या साधारण ६९ टक्के लोडपर्यंत डेडलाइन हमखास पाळल्या जातात. त्यात ऑब्जेक्ट कुठेच नाही, नुसते टास्क, पिरियड आणि जास्तीत जास्त लागणारा वेळ.

खरी पंचाईत झाली दोन मशीनच्या मधे नेटवर्क आल्यावर. १९९१ च्या कोर्बाचा, म्हणजे वेगवेगळ्या मशीनवरचे ऑब्जेक्ट जोडणाऱ्या स्टँडर्डचा, आग्रह असा की दुसऱ्या मशीनवरच्या ऑब्जेक्टची मेथड अगदी घरातलीच असल्यासारखी बोलवा. ऑफिसच्या सॉफ्टवेअरला हे सोयीचं, पण कंट्रोल सिस्टिमला हेच नडतं कारण नेटवर्क लपवलं की त्याचा डिलेसुद्धा लपतो, आणि समोरच्या मशीनच्या रांगेत तुमची अर्जंट रिक्वेस्ट एखाद्या फालतू रिक्वेस्टच्या मागे उभी राहते. रिअल-टाइम कोर्बाने नंतर कॉलबरोबर प्रायॉरिटी पाठवायची सोय केली, ती गरजेचीच होती, पण माझ्या मते ती मलमपट्टी, कारण प्रायॉरिटी म्हणजे डेडलाइन नव्हे.

मुळाला हात घातला तो केन किम यांनी. कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला असताना त्यांनी नव्वदच्या दशकात टीएमओ (टाइम-ट्रिगर्ड मेसेज-ट्रिगर्ड ऑब्जेक्ट) मॉडेल वाढवलं आणि सुरुवातीच्या विचारात व्हिएन्नाचे हर्मन कोपेट्झही सोबत होते, ज्यांचा सगळा भर घड्याळावर चालणाऱ्या सिस्टिमवर. टीएमओत एकाच ऑब्जेक्टमध्ये दोन जातीच्या मेथड, एक ठरलेली वेळ झाली की आपोआप सुटणारी आणि दुसरी मेसेज आला की चालणारी, आणि दोघी एकाच डेटावर भिडल्या तर वेळेवर सुटणारीचा मान आधी! शिवाय प्रत्येक मेथडला डेडलाइन डिझाइन करतानाच लिहायची. मला हे फार मोठं पाऊल वाटतं, कारण वेळेचं वचन शेड्युलरच्या (कुठलं काम कधी चालवायचं ते ठरवणाऱ्या भागाच्या) सेटिंगमधून उठून थेट ऑब्जेक्टमध्ये आलं. याच विषयाला वाहिलेली आयसॉर्क परिषद १९९८ मध्ये क्योटोला सुरू झाली.

आज रोबोटिक्समध्ये आरओएस २ हे रोबोटचं सॉफ्टवेअर सहसा ज्या डीडीएस या डेटा पोचवणाऱ्या स्टँडर्डवर चालतं त्यातही डेडलाइन जाहीर करता येते, म्हणजे डेटा घेणाऱ्याने दर १० मिलिसेकंदाला मागितला आणि देणारा दर ५० लाच कबूल करत असेल तर त्या दोघांची जोडणीच होत नाही.