जीडीपीच्या हिशेबातून सुटलेले

महामंदीने अमेरिकेचे नेमके किती नुकसान केले, हे सांगणारा भरवशाचा आकडा सरकारजवळ नव्हता. तो काढण्याचे काम सायमन कुझनेट्स या अर्थतज्ज्ञांकडे आले. १९३४ मध्ये त्यांचा अहवाल सिनेटपुढे गेला. १९२९ ते १९३२ या काळात राष्ट्रीय उत्पन्न जवळपास निम्मे झाल्याचे त्यातून दिसले. पण एवढ्या आकड्यावरून राष्ट्राचे कल्याण जोखता येणार नाही, असेही कुझनेट्स यांनी तिथेच बजावले होते. गृहिणींचे काम मोजलेले नाही, हेही त्यांनी लपवले नाही. याच हिशेबातून पुढे जीडीपी, म्हणजे देशातल्या एकूण उत्पादनाचे माप, घडले. त्यावरचा सगळ्यात मोठा आक्षेप असा त्याच्या जन्मापासूनच नोंदलेला आहे, आणि मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

मग हा आक्षेप मागे का पडला? युद्धामुळे. कारखान्यांतून किती माल निघेल आणि त्यातला किती रणांगणाकडे वळवता येईल, हे सरकारांना तातडीने हवे होते. ब्रिटनमध्ये अर्थतज्ज्ञ केन्स यांच्या प्रेरणेने जेम्स मीड आणि रिचर्ड स्टोन यांनी राष्ट्रीय लेख्यांची, म्हणजे देशाच्या उत्पन्न-खर्चाच्या हिशेबाची, मांडणी केली. शस्त्रांवरचा खर्च कल्याणात धरू नये, हे कुझनेट्स यांचे मत टिकले नाही. १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी हिशेबाची प्रमाण पद्धत ठरवून दिली आणि युद्धाच्या गरजेतून घडलेले माप शांततेच्या काळातही जगभर रूढ झाले.

१९७२ मध्ये नॉर्डहाउस आणि टोबिन या अर्थतज्ज्ञांनी घरकाम आणि फुरसत मिळवून, शहरी जीवनाचे तोटे वजा करून पर्यायी हिशेब मांडला. भूतानच्या राजांनी त्याच दशकात सकल राष्ट्रीय आनंदाची कल्पना पुढे आणली. २००८ च्या राज्यघटनेत तिला स्थान मिळाले. न्यूझीलंडच्या मॅरिलिन वॉरिंग यांनी १९८८ मध्ये बायकांच्या बिनपगारी श्रमाचा प्रश्न ठणकावून विचारला.

जगाचे लक्ष मात्र वेधले ते १९९० च्या मानव विकास निर्देशांकाने. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न एकाच आकड्यात कोंबणे अमर्त्य सेन यांना फार ढोबळ वाटत होते. हा निर्देशांक पुढे आणणारे पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांचे म्हणणे वेगळे होते: जीडीपीइतकाच ढोबळ आकडा असल्याखेरीज त्याला टक्कर देता येणार नाही. हक यांचे खरे ठरले. आज देशांच्या क्रमवारीची बातमी होते ती त्या एका आकड्यामुळेच. पुढे २००९ मध्ये स्टिग्लिट्झ, सेन आणि फितुसी या अर्थतज्ज्ञांच्या आयोगाने उलट दिशा धरली. एका आकड्याऐवजी आरोग्य, पर्यावरण, सुरक्षितता असे अनेक निर्देशक शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, असे त्यांनी सुचवले.

२०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या नव्या हिशेब-पद्धतीत खनिजांसारख्या निसर्गसंपत्तीची झीज उत्पादनाचा खर्च म्हणून धरली जाते. घरातला स्वयंपाक, मुलांचे संगोपन आणि आजाऱ्यांची शुश्रूषा मात्र आजही मुख्य आकड्याबाहेर, पूरक तक्त्यांतच आहे.