गरोदरपणातल्या मळमळीच्या गोळीची भीती आली कुठून?

दुसरा-तिसरा महिना, त्यात नागपूरचा मे. पोटात घोटभर पाणी ठरत नाही, तोंड कोरडं पडतं, लघवी गडद होते आणि शेवटी सलाइन लावायची वेळ येते. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळ्यांची पट्टी मात्र पर्समध्ये तशीच असते, कारण "बाळावर परिणाम होईल" असं घरी बजावलेलं असतं. डोहाळे म्हटलं की आवळा, लिंबू, आलं एवढंच चालतं. गोळीचं नाव काढायचं नाही.

या धास्तीचं मूळ थॅलिडोमाइडमध्ये आहे. १९५७ साली जर्मनीत बाजारात आलेलं हे औषध गरोदर बायकांना मळमळीवरही दिलं गेलं आणि हजारो मुलं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. १९६१ मध्ये ते मागे घेतलं गेलं.

मळमळीवर आज आपल्याकडे लिहून देतात ती डॉक्सिलामाइन आणि ब-६ जीवनसत्त्वाची गोळी वेगळी. अमेरिकेत ती १९५६ मध्ये आली. तेव्हा तिच्यात आणखी एक घटक होता, तो १९७६ मध्ये काढला. पण थॅलिडोमाइडनंतर या गोळीमुळेही व्यंग येतं अशा दाव्यांची कोर्टात रांग लागली. व्यंगाचा संबंध अभ्यासांतून दिसत नव्हता, तरी खटले आणि विम्याचा खर्च झेपेना म्हणून १९८३ मध्ये उत्पादक कंपनीने गोळी बंद केली. सरकारने बंदी घातलेली नव्हती. लोकांच्या लक्षात मात्र "बंद झालं, म्हणजे काहीतरी होतंच" एवढंच राहिलं. त्यानंतर तिथे जन्मजात व्यंगांचं प्रमाण घटलं नाही. वाढल्या त्या उलट्यांमुळे दवाखान्यात दाखल होणाऱ्या बायका. माझ्या मते त्या निर्णयाची खरी किंमत त्यांनीच मोजली.

कॅनडात गोळी सुरूच राहिली. १९९३ मध्ये याच गोळीच्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शास्त्रीय साक्ष कोर्टाने कशी पारखायची याचे निकष घातले. २०१३ मध्ये, तीस वर्षांनी, तिला अमेरिकेत पुन्हा मंजुरी मिळाली.

"मनाचे खेळ आहेत, आम्हालाही झालं होतं" हे बोल तर बायकांनी पिढ्यान् पिढ्या ऐकले. २०२३ च्या संशोधनाने त्याला उत्तर दिलं. गर्भाकडून आईच्या रक्तात जीडीएफ-१५ नावाचं संप्रेरक येतं. गरोदरपणाआधी ज्यांच्या रक्तात ते कमी असतं, त्यांना उलट्यांचा त्रास जास्त होतो.